वाघदेवापाशी उतरायचं असतं

त्या दिवशी मी सायकलची घंटी वाजवली नसती, तर हे लिहायची वेळ आली नसती. माझ्या बायकोचं म्हणणं असं की तरीही आली असती. मला अपराधी वाटायला घंटीची गरज लागत नाही, पंगतीत शेजारच्यापेक्षा एक जिलबी जास्त वाढली गेली तरी मला रात्रभर झोप येत नाही. तिचं खरं आहे. पण या एका बाबतीत मला अपराधी वाटायला कारण होतं, आणि ते मी आजवर तिलाही पुरतं सांगितलेलं नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि तिथल्या एका लहानशा ठेकेदाराकडे मी हजेरी कारकून होतो. गाव माझं कऱ्हाडकडचं. सालवडला एका फिटरबरोबर खोली घेऊन राहत होतो. हा फिटर माझ्याच भागातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि मला साधुबुवा म्हणायचा. मी एकदा बोईसर स्टेशनवर सापडलेली छत्री परत करायला उमरोळीपर्यंत चालत गेलो होतो आणि ती छत्री त्या माणसाची नव्हतीच, तेव्हापासून हे नाव चिकटलं होतं.

माझं काम सोपं होतं. सकाळी साडेसहाला बोईसर स्टेशनवरून ठेकेदाराचा ट्रक माणसं घेऊन निघायचा. कामाच्या फाटकाशी टेबल टाकून मी बसायचो. वेळेवर आलेल्याच्या नावापुढे निळी खूण, उशिरा आलेल्याच्या नावापुढे लाल गोल. महिन्यात तीन लाल गोल झाले की नाव कमी. नियम माझा नव्हता, पण लाल दौत माझ्या टेबलावर होती.

त्या लाल दौतीनं मी ज्यांची नावं रंगवली त्यांत डोंगरातला एक वारली होता. पंचविशीचा असेल. बारीक, उंच, आणि हसताना डोळे पूर्ण मिटणारा. त्याचा पाडा बोईसरच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका तलावापलीकडे. पावसावरची थोडी भातशेती, थोडी नाचणी. दरवर्षी पीक निघालं की तो बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा. त्या वर्षी घरात वर्षाची मुलगी होती, बायको म्हणाली की यंदा भट्टी नको, म्हणून तो आमच्याकडे लागला. पहिले पंधरा दिवस तो पहाटे अंधारात निघून बोईसरपर्यंत चालत यायचा. नऊ मैल. दोनदा त्याचा ट्रक चुकला, दोनदा मी लाल गोल काढला. तिसरा निघाला असता म्हणून त्यानं घरी जाणंच सोडलं आणि मजुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागला. शनिवारी संध्याकाळी घरी, रविवारी संध्याकाळी परत.

एका सोमवारी तो मला म्हणाला, "बाबू, पोरगी मना वळखत नाय."

"लहान आहे रे."

"शनवारी मना बघून रडते. रविवारी सकाली लांबून बघते. सांजचं जवल येते, बोट धरते. तवा माझी निघायची वेल व्हते." आणि एवढं सांगून तो हसला, डोळे मिटून. मला मात्र दुपारी डबा गेला नाही.

"तू कशाला झुरतोस?" रात्री फिटर म्हणाला. "पोरगी त्याची, रडती ती, आन् उपास तुझा?"

"गोल मी काढला ना."

"आरं मग उद्यापास्नं चौकोन काढ."

त्याच हिवाळ्यात आमच्या कामावरच्या एका इंजिनिअरसाहेबांनी सायकल शर्यत काढली. साहेब कुठूनतरी परदेशातून शिकून आलेले, सायकलचा नाद असलेले. दर रविवारी ते आपली बारीक टायरांची सायकल घेऊन डोंगरात जायचे आणि सोमवारी आम्हाला सांगायचे की तुमच्या उशाला असा तलाव आहे आणि तुम्ही पत्ते खेळता, लाज वाटली पाहिजे. तलावाभोवती सात मैलांचा रस्ता होता. अर्धा खडीचा, अर्धा मुरमाचा, लाकडाच्या ट्रकांसाठी जंगलातून काढलेला. त्या रस्त्यावरून एक फेरी. कामावरच्या कुणीही यावं, कसलीही सायकल आणावी. साहेबांनी आमच्या ठेकेदाराच्या मागे लागून बक्षीस मिळवलं: एक नवी कोरी काळी सायकल, डायनॅमो आणि कॅरिअरसकट.

ती सायकल आठ दिवस कँटीनमध्ये स्टँडवर उभी होती. येणारा-जाणारा तिचं पायडल एकदा फिरवून जायचा आणि चाक बराच वेळ सुंसुं करत राहायचं. तो डोंगरातला मात्र तिला हात लावायचा नाही. जेवण झालं की हात धुवायचा, फडक्याला कोरडे करायचा आणि सायकलसमोर उभा राहायचा, देवळात राहावं तसा. त्याच्या मनातला हिशोब मला न सांगता कळत होता. सायकल असली की पाड्यापासून बोईसर तासाभराचं. ट्रक चुकत नाही. रात्री घरी.

मी त्याला म्हटलं, "शर्यतीत उतर ना."

"सायकल कुठं हाय?"

मी स्टोअरकीपरच्या हातापाया पडून त्याला स्टोअरची सायकल मिळवून दिली. जाड, जड, पण चालणारी. इथपर्यंत मी चांगला माणूस होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण यापुढे तसं लिहायची संधी येत नाही.

मग मी स्वतः शर्यतीत कशाला उतरलो? माझ्याकडे सायकल होती. जुनी होती, मागचा ब्रेक महिनाभर तुटलेला आणि पुढचा नावापुरता, पण सालवड ते स्टेशन ती मला रोज नेत होती. मला दुसरीची काही गरज नव्हती. पण फिटर म्हणाला, "तू नको हां. तुझ्या पायात दम न्हाई. मुंगी मरंल म्हणून तू पायडल मारत न्हाईस." शाळेत असताना मी रोज आठ मैल सायकल मारलेली होती आणि वाऱ्यासारखा जातो असं गावात माझं नाव होतं. ते या फिटरला एकदा दाखवावं, एवढंच. सगळ्या पापांत मला वाटतं हे सर्वांत हलकं असावं, आणि माणूस नेमका याच्यावरूनच घसरतो.

शर्यत रविवारी सकाळी होती. तलावाच्या मातीच्या बांधावर तीसेक जण जमले. बहुतेकांनी बोईसरहून भाड्याच्या सायकली आणल्या होत्या. एका वेल्डरनं वजन कमी करायचं म्हणून मडगार्ड काढून झुडपात ठेवलं होतं आणि त्याच्या बदल्यात हँडलला जेवणाचा डबा लावला होता. वारली लोक पाच-सहा होते, सगळे अनवाणी. बांधाच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली पाड्यावरच्या बाया बघायला बसल्या होत्या. त्यांच्यात मांडीवर पोर घेतलेली एक होती. आमच्या त्या डोंगरातल्या गड्याची बायको तीच असावी हे मी ओळखलं, कारण तो तिकडे बघत नव्हता.

साहेबांनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि नियम सांगितले. "रास्ता एक ही है. तालाब बाएँ हाथ पर रहेगा. जिसके दाएँ हाथ पर तालाब आ जाए, समझ ले कि वह घर जा रहा है. पाँव ज़मीन पर लगे, चलेगा. बस ट्रक में मत बैठना."

शिट्टी झाली. पहिले दोन मैल रस्ता पाण्याच्या अगदी कडेनं होता. पाण्यावर धुकं होतं आणि बगळे आमचा गलका ऐकून उठत होते आणि थोडं पुढे जाऊन बसत होते, तिथे आम्ही पोचलो की पुन्हा उठत होते. वेल्डरचा डबा पहिल्याच खड्ड्यात उघडला. दुसऱ्या मैलाला निम्मे लोक गप्पा मारत चालवायला लागले होते. पुढे राहिलो आम्ही सातआठ जण, आणि सगळ्यांच्या पुढे आमचा गडी.

मग जंगल लागलं. सागाची वाळलेली पानं रस्त्यावर पसरली होती आणि चाकाखाली ती पापडासारखी मोडत होती. तलाव झाडांआड गेला. रस्ता वर चढायला लागला, मैलभर चढ, आणि त्या चढावर मला दोन गोष्टी कळल्या. एक, माझ्या पायात अजून शाळेतला जोर होता. दुसरी, त्या माणसाशी माझी बरोबरी नव्हती. ती जड सायकल घेऊन तो सीटवरून न उठता चढत होता, आणि प्रत्येक वळणाला आमच्यातलं अंतर वाढत होतं. बाकीचे मागे राहिले. मी दुसरा होतो. दुसरा आलो असतो तर सगळं चांगलं झालं असतं.

चढ संपतो तिथे एक खिंड आहे. मी वर पोचलो आणि बघतो तर तो सायकलवरून उतरलेला. सायकल हातानं ढकलत, मान खाली घालून, हळूहळू चालला होता. मध्येच थांबला, रस्त्याकडेच्या झुडपाची एक डहाळी मोडली आणि एका झाडाखाली ठेवली. मला वाटलं याचा दम संपला. किंवा चेन पडली, नाहीतर पंक्चर. एवढ्या तीन शक्यता मला सुचल्या, आणि चौथी सुचली नाही. रस्ता अरुंद होता, तो मधोमध होता. मी घंटी वाजवली. दोनदा. तो बाजूला झाला आणि मी त्याच्या अंगावरून वाऱ्यासारखा उतारावर निघून गेलो.

उतार मी नेहमीच्या पद्धतीनं सांभाळला, चपलेचा तळ पुढच्या टायरवर दाबून. खाली सपाट रस्ता होता, कापलेल्या भाताच्या शेतांतून बांधापर्यंत. शेवटच्या फर्लांगभर मला मागून त्याच्या चाकाची खरखर ऐकू येत होती. मी तीन-चार सायकलींच्या अंतरानं जिंकलो.

साहेबांनी घड्याळ बघितलं, माझा हात हलवला, झेंडूचा हार घातला. फिटर लांबून टाळ्या वाजवत ओरडला, "मुंगी मेली रं, साधुबुवा!" मी नव्या सायकलला हात लावून फोटोसाठी उभा होतो तेव्हा ती मांडीवर पोर घेतलेली बाई उठून जवळ आली. तिनं मला नीट न्याहाळलं.

"वाघदेवाला उतरला नाय का तुमी?"

"कोण वाघदेव?"

तिनं मागे वळून बाकीच्या बायांकडे बघितलं आणि सगळ्या खळखळून हसल्या. "मग बराबर," ती म्हणाली.

तिथेच मला सगळं समजावून सांगितलं गेलं. खिंडीतल्या झाडाखाली वाघदेवाचा दगड आहे. वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेला, शेंदूर लावलेला. त्याच्यासमोरून कुणी बसून जात नाही. गाडीवान गाडीतून उतरतो, ट्रकवाले गाडी थांबवून पानं टाकतात. अलीकडच्या सागापासून पलीकडच्या सागापर्यंत चालत जायचं, डहाळी ठेवायची, मग बसायचं. शर्यतीतले सगळे वारली तिथे उतरले होते. आम्ही बाहेरचे कुणीच उतरलो नव्हतो. आम्हाला तो दगड दिसलाच नव्हता.

"सांगायचं नाही का आधी?" मी गड्याला म्हटलं.

तो खरोखर गोंधळला. "काय सांगायचा? वाघदेवाला उतरायचं असतं, ते सांगायचा?"

"मी घंटी वाजवली रे."

"वाजवली," तो डोळे मिटून हसला. "वाघदेव बोलला असंल, आज टपालवाला आला."

तो आठवडा माझा फार वाईट गेला. नवी सायकल खोलीत उभी होती आणि खोली एवढीशी, त्यामुळे रात्री कूस बदलली की पायडल पायाला लागायचं. फिटरनं तिच्या हँडलला टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. गुरुवारी मी हजेरीच्या टेबलावरून उठून शेडमध्ये गेलो आणि त्या गड्याला म्हटलं, "सायकल तुझी आहे. घेऊन जा."

"कशी काय?"

"तू पुढे होतास. तू उतरलास म्हणून मी जिंकलो."

"मी उतरलो, मना कुनी उतरवला नाय. जिंकला तो तुमी."

"अरे पण मला ती नको आहे. तुला हवी आहे."

"हवी हाय," तो म्हणाला. हे त्यानं अगदी सरळ म्हटलं. "पन दिल्याली नको. बायको इचारील, कशी भेटली? काय सांगू तिला? बाबूला रडू आलं म्हनून भेटली?"

शेडमधले सगळे हसले. मी अगदी पडलेल्या तोंडानं उभा असणार, कारण थोड्या वेळानं त्यालाच माझी दया आली. "परत लावू," तो म्हणाला. "रविवारी. तुमी आन मी. पन तिथं उतरायचं."

रविवारी मी नवी सायकल घेऊन गेलो आणि फिटर माझी जुनी घेऊन आला. स्टोअरकीपरनं दुसऱ्यांदा सायकल दिली नव्हती. कुणी कुठल्या सायकलवर बसायचं यावर बांधावर अर्धा तास वाद झाला. मी म्हणत होतो नवी तू घे, तो म्हणत होता तुमची हाय तुमी घ्या. शेवटी त्याच्या बायकोनं निकाल दिला. "वाघदेवापाशी उतरनार ना दोघं? तिथं बदली करा." ती मुलीला घेऊन मोहाखाली बसली. शेवटची रेघ तिच्या पायाशी, फिटरनं काठीनं ओढलेली.

अर्धी फेरी नवी सायकल त्याला, जुनी मला. आम्ही निघालो.

मी हरायला गेलो होतो, हे सांगायला नकोच. दोन मैल मी असा चालवत होतो जसा माणूस दूध घेऊन घरी जातो. जंगल लागलं तेव्हा तो दिसेनासा झाला होता. पुढच्या वळणावर बघतो तर नवी सायकल झाडाला टेकलेली आणि हा रस्त्याकडेला मांडी घालून बसलेला.

"काय झालं?"

"काय नाय. तुमी या बैलगाडीत बसून, मी बसलो हाय."

"मी चालवतोय की."

"बाबू, ही अशी मिलाली तर ती दिल्यालीच झाली ना? आमाला काय कलत नाय?" मग मिश्कीलपणे, "का पाय दुखतात? पाठवू कुनाला उचलायला?"

मला राग आला. हे मी कबूल करतो. मी त्याच्यासाठी हरायला आलो होतो आणि तो माझी थट्टा करत होता. मी पायडल मारलं आणि त्याला बसलेला सोडून पुढे गेलो. मागून त्याचं हसू आलं आणि मग चाकाची खरखर. चढावर त्यानं मला गाठलं, पण या वेळी तो सहज पुढे गेला नाही. नवी सायकल अजून आवळलेली होती, आणि मी मन लावून चालवत होतो. खिंडीत आम्ही बरोबरच पोचलो, दोघंही धापा टाकत.

अलीकडच्या सागापाशी उतरलो. मी चपला काढून हातात घेतल्या. दगड आठवड्यापूर्वी मला कसा दिसला नसेल याचंच नवल वाटलं. शेंदूर लावलेला वाघ कमरेएवढा उभा होता आणि त्याच्यापुढे डहाळ्यांचा ढीग होता. मी एक डहाळी ठेवली आणि मनात क्षमा मागायला सुरुवात केली. पहिल्या घंटीबद्दल, दुसऱ्या घंटीबद्दल, लाल गोलांबद्दल. तेवढ्यात तो म्हणाला, "बस झाला बाबू, वाघदेवाला बी कामा असतात."

पलीकडच्या सागापाशी आम्ही सायकली बदलल्या. तो माझ्या जुनीवर बसला आणि निघाला. मी चपला पायात सरकवल्या, नवीवर टांग टाकली, आणि तेव्हा मला आठवलं.

ब्रेक.

तो पाचसहा हात पुढे होता. उतार मैलभराचा, तीन वळणं, एका बाजूला दरी. मी चपलेनं टायर दाबत उतरायचो. तो अनवाणी होता. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

हेच मी त्या दिवसानंतर कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. मी विसरलो नव्हतो. मला आठवलं होतं, आणि त्याच क्षणी डोक्यात असंही आलं होतं की ब्रेक नाही म्हणजे वळणावर तो आपोआप कचरेल, वेग कमी करेल, आणि मी पुढे निघेन. ज्याला सायकल मिळावी म्हणून मी आठवडाभर झुरलो, त्याच्याकडून ती दुसऱ्यांदा जिंकायला माझे पाय आतुर झाले होते. पहिलं वळण मी गप्प होतो. दुसरं वळण गप्प होतो. तिसरं, सगळ्यांत अवघड वळण समोर आलं तेव्हा मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ब्रेक नाही!"

पुढून आवाज आला, "ठाव हाय!"

तो वळला कसा ते मी बघितलं. सायकल कलती करून डावी टाच रस्त्यात घासत, कडेच्या उंच वाळक्या गवतात चाक घालून, धुळीचा लोट उठवत. आणि मी माझ्या दोन्ही नव्या ब्रेकांनिशी त्याच्याहून सावकाश वळलो.

खाली सपाट रस्त्यावर मी त्याला गाठलं. मी कबूल करतो की मी जीव तोडून चालवत होतो, भलं करायचं काही माझ्या डोक्यात उरलं नव्हतं. भाताच्या शेतांमधून आम्ही जोडीनं गेलो, हँडलला हँडल घासत. बांधावर फिटर नाचत होता आणि कुणाच्या बाजूनं ओरडावं हे त्याला कळत नव्हतं. रेघ आली तेव्हा तो माझ्या पुढे होता. एक चाकभर, थोडं कमीच.

तो सायकलसकट गवतात आडवा झाला. "आता बरा पलवलास, बाबू!" दम लागल्यामुळे मला अहो म्हणायचं तो विसरला, आणि मला त्याचा जेवढा आनंद झाला तेवढा हाराचा झाला नव्हता.

त्यांच्या घरी आम्हाला जेवायला थांबावंच लागलं. कुडाचं, शेणानं सारवलेलं घर, अंगणात नवी सायकल. बायकोनं आधी आपल्या ओल्या हातानं तिचं सीट पुसलं, मग भाकरी थापायला बसली. "आता हा रोज घरी," ती फिटरला म्हणाली. "रोज रांधायचं. आठवडाभर कसी निवांत व्हती मी." नवरा हसला. मुलगी दाराआडून बापाकडे बघत होती, अजून जवळ यायला तयार नव्हती.

ताट ठेवायला बायको वाकली आणि तिला त्याची टाच दिसली. सोललेली, मातीनं भरलेली, रक्त सुकलेलं.

"ह्या काय?"

"दगडाला घासला," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

ते मला गिळता आलं नाही. मी सगळं सांगितलं. ब्रेक नव्हता, मला ठाऊक होतं, मला वेळेवर आठवलं, आणि दोन वळणं मी गप्प राहिलो. का गप्प राहिलो तेही सांगितलं. फिटर भाकरीचा घास हातात धरून बसला. तो गडी म्हणाला, "सोडा हो, मना तर बसल्या बसल्या कललं, ब्रेक दाबला तं तारच..."

"तू गप," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "दरीत गेला असता तर? सायकलवर बसून पोरीला बाप भेटनार व्हता, तो सायकलनंच नेला असता. लिवता-वाचता येतं ना तुमाला? मग तोंडानं दोन शब्द बोलता येत नव्हते?"

मी खाली मान घालून बसलो. ती आणखी बरंच बोलली, माझ्या दौतीबद्दलही बोलली, आणि तिचा नवरा आणि फिटर दोघंही छपराकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत मी जे जे कबूल केलं होतं ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर रागावत होतं, तेही नेमकं जेवढं रागवायला हवं तेवढं. मला रडू आलं आणि बरंही वाटलं. बोलून झाल्यावर तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, बोंबलाची चटणी वाढली आणि म्हणाली, "जेवा. आन ती तुमची सायकल. फुडल्या रविवारी ब्रेक बसवून आना. मना दाखवा. तुमी बी कुनाच्या तरी घरचंच हाव ना?"

परत येताना मी जुनी सायकल हातानं ढकलत नेली, बोईसरपर्यंत. फिटर बरोबर चालत होता. मैलभर गेल्यावर मग म्हणाला, "बाई भारी हाय." आणखी मैलभरानं म्हणाला, "दोन वळणं, व्हय रं?" मी हो म्हटलं. "एक आसतं तर मी समजलो आसतो," तो म्हणाला, आणि खोलीवर पोचेपर्यंत मला साधुबुवा म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी मी दोन्ही ब्रेक नवे बसवून पाड्यावर गेलो. खिंडीत उतरलो, चालत गेलो, बसलो. मधल्या सहा दिवसांत त्या गड्याच्या नावापुढे सहा निळ्या खुणा झाल्या होत्या. ट्रकवर तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा आणि माझ्याकडे बघून घड्याळ नसलेलं मनगट वर करून दाखवायचा.

त्याची बायको अंगणात नाचणी पाखडत होती. सूप खाली ठेवून ती आली, पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघितली, मग मागचा. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. "त्या उतरनीवरनं या जाऊन," ती म्हणाली, आणि मी हजेरी कारकून, इंग्रजी चार इयत्ता शिकलेला, पाड्याच्या उतारावरून तिच्यादेखत दोनदा खाली गेलो आणि दोनदा जागच्या जागी थांबून दाखवलं.

तिचा नवरा दारातून बघत होता. मुलगी त्याच्या कडेवर होती, त्याच्या कानाशी खेळत. मी ब्रेक दाखवून वर आलो, मुलीपुढे हात केले, आणि ती मला बघून जोरात रडायला लागली आणि तिनं बापाच्या मानेत तोंड लपवलं.